अवयव कुठूनही पाडा, शेवटी तेच कसे उरतात?

जास्वंद
रविवार, रात्री ९:१२

गणितातल्या मंडळींना एक प्रश्न. हसू नका.

लेक सहावीत आहे. सध्या मूळ अवयव, मसावि, लसावि चालू आहे. परवा ६० चे अवयव पाडत बसली होती. आधी ६ × १० असे फोडले, मग ६ चे २ × ३ आणि १० चे २ × ५. नंतर स्वतःहूनच दुसऱ्या बाजूने सुरुवात केली, ४ × १५. पुन्हा २, २, ३, ५. मग ३ × २०. परत तेच चौघे. पेन्सिल चावत म्हणाली, "आई, नेहमी तेच कसे येतात?"

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, अगं तसंच असतं, नेहमी तेच येतात.

"नेहमी म्हणजे? सगळ्या संख्या कुणी तपासून बघितल्यात?"

लाटणं हातात तसंच राहिलं. मी बी.कॉम. आहे, रोज आकड्यांतच असते, पण हा प्रश्न मला चाळीस वर्षांत कधी पडला नाही. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "पुस्तकात दिलंय ना?" पुस्तकात उभी मांडणी दिली आहे, झाडाची मांडणी दिली आहे, कारण काही दिसलं नाही.

तर अकरा वर्षांच्या मुलीला पटेल असं कुणी सांगू शकेल का? आणि जाता जाता, हे अवयव पाडून पुढे आयुष्यात होतं काय, तेही सांगा. तो प्रश्न उद्या येणारच आहे.

•

तिरकस
रविवार, रात्री ९:२०

मूळ संख्या म्हणजे आमच्या पेठेतली माणसं. १ आणि स्वतः, बाकी कुणालाही भाग जाऊ देत नाहीत.

•

पेठेतला पाहुणा
रविवार, रात्री ९:२४

दारावर पाटी: "विभाजकांनी बेल वाजवू नये. दुपारी १ ते ४ बाकी शून्य राहणार नाही."

•

वेलदोडा
रविवार, रात्री ९:३१

वाचतेय. मुलीला शाबासकी द्या आधी.

अवांतर: शिष्यवृत्तीच्या परीक्षेत ९१ ने मला दगा दिला होता. मूळ संख्येभोवती गोल करा म्हणून प्रश्न होता, मी ९१ ला गोल केला. ७ × १३! आजही ९१ क्रमांकाची गाडी दिसली तरी राग येतो. ५१ आणि ५७ पण त्याच टोळीतले, चेहऱ्यावरून अगदी साळसूद.

•

खडूस काकू
रविवार, रात्री ९:४०

मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. काही होत नाही. मला पन्नास वर्षांत लसावि एकदाही लागलेला नाही. दर चौथ्या दिवशी दळण आणि दर सहाव्या दिवशी इस्त्रीवाला, दोघे एकाच दिवशी कधी येतील याचा हिशेब मी करत नाही, ते बरोबर ज्या दिवशी मी बाहेर असते त्या दिवशी येतात.

मुलांना बँकेची स्लिप भरता येत नाही, आणि यांना मूळ अवयव हवेत.

•

तिरकस
रविवार, रात्री ९:४४

काकू, दर बाराव्या दिवशी बाहेर जाणं बंद करा.

•

वेलदोडा
रविवार, रात्री ९:४५

खिक्.

•

भोसरीचा टर्नर
रविवार, रात्री १०:०५

काकूंना नमस्कार करून सांगतो, माझं पोट ३४ वर्षं याच्यावर चाललं. तुम्ही अवयव पाडता, आम्ही आटे पाडतो.

आमच्या शॉपमध्ये जुना इंची लेथ होता, म्हणजे हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू, लीड स्क्रू, इंचाच्या मापाचा. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर चेंज गिअर, म्हणजे बदलता येणारी दातेरी चाकं, लावून प्रमाण जमवायचं. १ इंच म्हणजे २५.४ मिमी. अपूर्णांकात लिहा, १२७ भागिले ५. आता १२७ चे अवयव पाडून दाखवा. पडत नाहीत, मूळ संख्या आहे. म्हणून बरोबर माप हवं असेल तर १२७ दात्यांचं चाक लावावंच लागतं. ते चाक भलं मोठं असतं, साध्या जागेत बसत नाही. नवीन पोरगा आला की विचारायचाच, "उस्ताद, याच्याऐवजी दोन लहान चाकं जोडून नाही का होणार?" आमचे उस्ताद दहावी नापास होते. ते म्हणायचे, "एकशेसत्तावीसला पोरंच झाली नाहीत, लहान चाकं आणणार कुठून?"

दुसरं. एकमेकांत फिरणाऱ्या दोन चाकांचे दाते २० आणि ४० ठेवले तर लहान चाकाचा एक दाता कायम मोठ्याच्या त्याच दोन दात्यांवर आपटतो. त्यातला एक जरी खराब असला तर बरोबरच्याची वाट लावतो. २० आणि ४१ ठेवा. सामाईक अवयव नाही, त्यामुळे प्रत्येक दात्याची प्रत्येकाशी गाठ पडते. लहान चाक ४१ वेळा फिरल्यावर तीच जोडी परत भेटते. झीज सगळीकडे सारखी. तुमचा लसावि तो हाच, ८२०.

•

खडूस काकू
रविवार, रात्री १०:११

बरं. एका माणसाला लागला. मान्य.

•

जास्वंद
रविवार, रात्री १०:१४

काका, १२७ ची गोष्ट उद्या सकाळी डबा भरताना सांगणार. धन्यवाद!

•

हिंजवडीहून उशिरा
रविवार, रात्री ११:३८

आत्ता घरी पोचलो, म्हणून उशीर. (वाकड पूल. विषय संपला.)

काकू, तुम्ही फोनवरून वीजबिल भरता ना? मग अवयव तुम्हालाही लागले आहेत, फक्त दिसले नाहीत. ८३ गुणिले ९७ करा. कागदावर अर्धं मिनिट. आता उलटं: ८०५१ चे दोन अवयव शोधा. २ नाही, ३ नाही, ५ नाही, ७ नाही... घाम निघतो. गुणाकार सोपा, उलट येणं अवघड, या एका गोष्टीवर कुलूप बनवलं आहे. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये. दोन प्रचंड मूळ संख्या गुणायच्या, गुणाकार जगजाहीर करायचा, अवयव पोटात ठेवायचे. कुलूप कुणीही लावू शकतो, उघडणार तोच ज्याला अवयव माहीत.

त्याच वर्षी त्यांनी १२९ अंकी एक संख्या आव्हान म्हणून छापली होती. बक्षीस १०० डॉलर. ती फुटली १९९४ मध्ये, तीही इंटरनेटवरून शेकडो लोकांचे संगणक कामाला लावून. २५० अंकी संख्येचे अवयव पडले ते फेब्रुवारी २०२० मध्ये. आणि नेहमीच्या वापरातल्या २०४८ बिटांच्या संख्येला ६१७ अंक असतात.

•

तिरकस
रविवार, रात्री ११:४३

८०५१ ला घाम कशाला? ९० चा वर्ग ८१००. त्यातून ८०५१ गेले ४९ उरले, म्हणजे ७ चा वर्ग. ९० अधिक ७, ९० उणे ७. ९७ आणि ८३. चहा येईपर्यंत झालं. माझी ६१७ अंकी संख्या पाठवा.

•

हिंजवडीहून उशिरा
रविवार, रात्री ११:५०

दंडवत. पण तुमच्या या युक्तीमुळेच कुलपासाठी जवळजवळच्या दोन मूळ संख्या घेत नाहीत. ८३ आणि ९७ शेजारी राहतात म्हणून सापडले. एक हडपसरला आणि एक बाणेरला असता तर वर्गांची यादी करता करता पहाट झाली असती.

•

बारावीनंतर ब्रेक
सोमवार, रात्री १२:२०

तिरकसकाका, ही युक्ती फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने शिकवतात. पण नारायण पंडितांच्या 'गणितकौमुदी'त, म्हणजे १३५६ मध्ये, वर्गांच्या फरकाने अवयव काढायची हीच रीत आहे. 'भागादान' नावाचं अख्खं प्रकरण आहे अवयवांवर. फर्मा त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी.

आणि वर एक घोळ होऊ शकतो म्हणून सांगते: "ही संख्या मूळ आहे का" हा वेगळा प्रश्न आणि "हिचे अवयव सांगा" हा वेगळा. पहिल्याचं उत्तर लवकर देणारी खात्रीची रीत आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. गंमत म्हणजे ती रीत "ही मूळ नाही" असं छातीठोकपणे सांगते, पण मग फोडते कुणी, ते सांगत नाही. सोसायटीच्या मीटिंगसारखं. कुणीतरी गाडी चुकीची लावली आहे हे नक्की, नाव कुणी घेत नाही.

अवांतराचं अवांतर: आमच्या फर्ग्युसनचे माजी विद्यार्थी द. रा. कापरेकर, पुढे देवळालीला शाळामास्तर होते. त्यांचा ६१७४ सगळ्यांना माहीत असेल. त्याचे अवयव पाडून बघा: २ × ३² × ७³. किती देखणा आहे!

•

वेलदोडा
सोमवार, सकाळी ७:५०

ज्यांना ६१७४ माहीत नाही त्यांच्यासाठी: कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यापासून लहान लिहा, लहानापासून मोठे लिहा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात वेळात ६१७४ वर येऊन थांबता. मी बसमध्ये तिकिटांच्या नंबरांवर करायचे.

•

खडूस काकू
सोमवार, सकाळी ८:०२

मूळ प्रश्न राहिला बाजूला. जास्वंद यांच्या मुलीने विचारलं होतं, नेहमी तेच का येतात. तीनशे वर्षं आधी कोण आणि नंतर कोण, हे विचारलं नव्हतं.

•

ऐंशीत पदार्पण
सोमवार, सकाळी ९:१५

काकूंचं बरोबर आहे, पण मीही थोडं भरकटणार आहे. वयाचा फायदा.

आमच्या लहानपणी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. अवयव पाडा: सहा वेळा २ आणि एकदा ३. त्या एका ३ वर आमचं घर चालायचं, कारण आम्ही भावंडं तीन. पै हातात फारशी पाहिली नाही, पण हिशेबात होती आणि वडील हिशेबाला पक्के. रुपया तिघांत वाटला तर प्रत्येकी ५ आणे ४ पै, बाकी शून्य.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे १००. अवयव दोन वेळा २, दोन वेळा ५, आणि ३ गायब! आण्याचे झाले सव्वासहा नवे पैसे. वाण्याने सहा धरायचे की सात, यावर नारायण पेठेत रोज सकाळी वाद. आणि आमच्या घरी रुपया तिघांत वाटला की ३३, ३३, ३३ आणि वरचा एक पैसा धाकट्याला. धाकटा मी नव्हतो. अजून सलतंय.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आम्ही पाठ केली ती या जुन्या मापांसाठी. साठ मिनिटांचा तास मात्र कुणी बदलला नाही, ते बरं केलं. ६० ला २, ३, ४, ५, ६ सगळ्यांनी भाग जातो. जास्वंदताईंच्या लेकीने नेमका तोच घेतला.

•

मिसळ_कमी_तिखट
सोमवार, सकाळी १०:४०

आमच्याकडे वेगळंच दुखणं. मुलाने ८४ चे मूळ अवयव ७ × ३ × २ × २ असे लिहिले. बाईंनी अर्धा गुण कापला. म्हणे चढत्या क्रमाने नाहीत. शाळेचं नाव घेत नाही, पण हे बरोबर आहे का? मी भेटायला गेलो तर मला उभी मांडणी काढून दाखवली, जणू मीच सहावीत.

•

तिरकस
सोमवार, सकाळी १०:४४

तुम्ही काढली का बरोबर?

•

मिसळ_कमी_तिखट
सोमवार, सकाळी १०:५१

काढली. रेघ पट्टीने मारली नाही म्हणून तिथेही बोलणी खाल्ली.

•

गणूमास्तर
सोमवार, दुपारी ४:३०

(वामकुक्षी झाली. आता उत्तर देतो.)

आधी अर्ध्या गुणाचं. गुणाकारात क्रमाला काही अर्थ नाही, गुण कापायला नको होता. मात्र चढत्या क्रमाने लिहायची सवय मुलाला लावा. दोन संख्यांचे अवयव एकाखाली एक मांडले की मसावि डोळ्यांना दिसतो, शोधावा लागत नाही. बत्तीस वर्षं शिकवलं, कापला कधी नाही, पण रागावलो पुष्कळ.

आता लेकीचा प्रश्न. जास्वंदताई, तुमची मुलगी ज्यावर बोट ठेवते आहे तो अंकगणिताचा पायाच आहे. त्याला मूलभूत प्रमेय असंच म्हणतात. ते नीट मांडून सिद्ध केलं जर्मन गणितज्ञ गाउसने, १८०१ मध्ये. म्हणजे शेकडो वर्षं थोर थोर माणसं ते गृहीतच धरून चालली होती, तुमच्या पोळ्यांसारखं. त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

सहावीच्या मुलीला ते "खरं आहे" हे सांगून पटणार नाही. आधी "खोटं असू शकलं असतं" हे दाखवायला हवं. मी वर्गात असं करायचो.

एक गाव आहे, तिथे फक्त सम संख्या राहतात. २, ४, ६, ८, १०, १२... विषम संख्यांना वेशीच्या आत प्रवेश नाही. ३ म्हणजे काय हे गावात कुणाला माहीतच नाही. गुणाकार मात्र आपलाच. आता या गावात ४ फुटतो, २ × २. पण ६ फुटत नाही! कारण ६ म्हणजे २ × ३, आणि ३ गावात नाही. म्हणजे ६ ही त्या गावची मूळ संख्या झाली. तशाच २, १०, १४, १८. थोडक्यात ज्यांना ४ ने भाग जात नाही त्या सगळ्या.

आता त्या गावात ३६ चे अवयव पाडायला लावा. एक मुलगा लिहितो ६ × ६. दुसरा लिहितो २ × १८. दोघांचे सगळे अवयव त्या गावात मूळ, दोघांचा गुणाकार बरोबर, आणि उत्तरं वेगळी. बाई कुणाचा गुण कापणार?

तेव्हा "नेहमी तेच येतात" ही आपोआप मिळालेली गोष्ट नव्हे. सम गावात ती खोटी आहे. आपल्या गावात ती खरी ठरते त्याचं कारण एक, ते युक्लिडने सांगून ठेवलं आहे: मूळ संख्येने दोन संख्यांच्या गुणाकाराला भाग जात असेल, तर त्या दोघींपैकी निदान एकीला तरी तिने भाग जातोच. ५ ने गुणाकाराला भाग गेला ना? मग ५ कुठल्या तरी एकीच्या पोटात अख्खा बसलेला आहे, अर्धा इकडे अर्धा तिकडे होत नाही. म्हणून एकाच्या यादीत ५ आला की दुसऱ्याच्या यादीतही तो सापडतोच. दोघांकडून एकेक ५ काढून टाका, उरलेल्याला पुन्हा तेच लावा. शेवटी दोन्ही याद्या एकदमच संपतात.

सम गावात ६ ला हे जमत नाही. ३६ ला ६ ने भाग जातो. पण २ × १८ मध्ये? २ ला नाही जात, आणि १८ ला भाग लावला तर ३ उत्तर येतं, जो गावात नाही. गावचा ६ अर्धा २ मध्ये आणि अर्धा १८ मध्ये विखुरलाय.

•

बारावीनंतर ब्रेक
सोमवार, संध्याकाळी ५:०२

मास्तर, हे मला पदवीच्या पहिल्या वर्षी कुणी असं सांगितलं असतं तर!

एक पुरवणी. १ ला मूळ संख्या का म्हणत नाहीत, हेही इथेच कळतं. १ ला घेतलं की ६० = १ × २ × २ × ३ × ५, किंवा १ × १ × २ × २ × ३ × ५, हवे तितके १ चिकटवा. "तेच अवयव" हे वाक्यच कोसळतं. म्हणून त्याला पंगतीतून उठवलं.

•

ऐंशीत पदार्पण
सोमवार, संध्याकाळी ५:२०

आमच्या जुन्या पुस्तकात १ ला मूळ म्हटल्याचं पुसटसं आठवतंय. पैजेवर सांगणार नाही.

•

पेठेतला पाहुणा
सोमवार, रात्री ८:१५

मास्तरांना साष्टांग. पण मी आज ऑफिसात वेगळाच उद्योग केला, तो जाहीर केल्याशिवाय जेवण जाणार नाही.

सदाशिव पेठेच्या पिनकोडचे अवयव पाडले. ४११०३०.

शेवटी शून्य, म्हणजे २ आणि ५ गेले. उरले ४११०३. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जातो. भागलं, आणि उत्तर आलं ४५६७! चार, पाच, सहा, सात, ओळीने! आणि ही ४५६७ मूळ संख्या आहे, ६७ पर्यंत सगळ्यांनी भागून पाहिलं.

४११०३० = २ × ३² × ५ × ४५६७. पुण्यात दुसऱ्या कुणाचा असा पिनकोड असेल तर दाखवा. आम्ही काही बोलत नाही. फक्त सांगितलं.

•

तिरकस
सोमवार, रात्री ८:१९

पोस्टखात्यालाही पेठेपुढे शिस्तीत यावं लागलं.

•

बारावीनंतर ब्रेक
सोमवार, रात्री ८:४०

डेक्कन: ४११००४ = २² × ११ × ९३४१. ठीकठाक.

अप्पा बळवंत चौक, जिथून आम्ही सगळी गणिताची पुस्तकं घेतली: ४११००२ = २ × ८९ × २३०९. आणि २३०९ म्हणजे कोण? २ × ३ × ५ × ७ × ११ = २३१०, त्यातून एक कमी. म्हणून २, ३, ५, ७, ११ यांपैकी कुणाचाच भाग तिला जाऊ शकत नाही. पेठेच्या ४५६७ पेक्षा मला हीच आवडली.

•

पेठेतला पाहुणा
सोमवार, रात्री ८:४४

आवड ज्याची त्याची.

•

जास्वंद
मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मास्तरांचं सम गाव सांगितलं. आधी म्हणाली, "असं गाव नसतं." मग दहा मिनिटं गप्प. मग उठली, वही आणली आणि मला दाखवलं:

६० = २ × ३०
६० = ६ × १०

"आई, हे चौघेही त्या गावात मूळ आहेत ना? माझा ६० पण तिकडे दोन प्रकारे फुटतो!" हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं, तिचं तिने काढलं. मला रडूच आलं, पण ती बघत होती म्हणून कुकरकडे वळले.

युक्लिडचं कारण तिला अर्धं पटलंय. "पण ५ अर्धा इकडे अर्धा तिकडे का होत नाही?" असं आज सकाळी रिक्षात विचारत होती. मास्तर, पुढचा प्रश्न आलेला आहे.

आणि पिनकोडवाल्यांनो, तुम्हाला काय म्हणू! आम्ही कोथरूडचे, ४११०३८. तिने २ ने भागलं, २०५५१९ आले. त्यानंतर काही हलत नाही. ३ नाही, ७ नाही, ११ नाही, १३ नाही. शाळेतून आल्यापासून भागाकार चालू आहेत. कुठपर्यंत जायचं असतं?

•

हिंजवडीहून उशिरा
मंगळवार, रात्री ९:५८

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

•

गणूमास्तर
मंगळवार, रात्री १०:०५

हिंजवडीकर, उत्तर काढून टाकलंत ते बरं केलंत. यंत्राला विचारून सांगू नका कुणी.

जास्वंदताई, ४५३ पर्यंत. ४५३ चा वर्ग २०५२०९, ४५४ चा २०६११६, तो पुढे गेला. संख्या दोन अवयवांत फुटणार असेल तर त्यातला लहान अवयव ४५३ च्या वर असूच शकत नाही, नाहीतर गुणाकार जास्त होईल. तेवढ्या टप्प्यात मूळ संख्या ८७ आहेत. फक्त मूळ संख्यांनीच भागायचं. १५ ने भागू नये, ३ ने गेला नाही तर १५ ने कुठून जाणार.

५ चं उत्तर शनिवारी देतो. त्याला बाकी उरणारा भागाकार लागतो, घाईत सांगायची गोष्ट नाही.

•

वेलदोडा
मंगळवार, रात्री १०:१२

८७ भागाकार! अहो झोपू द्या त्या पोरीला.

•

भोसरीचा टर्नर
मंगळवार, रात्री १०:२०

१२७ ला पोचली की मला कळवा.

•

जास्वंद
बुधवार, सकाळी ७:२०

काका, १२७ ला बाकी ३३. तुमच्या चाकाचं चित्र काढून ठेवलंय वहीत, दाते मोजून १२७ नाहीत पण पुष्कळ आहेत.

•

खडूस काकू
बुधवार, सकाळी ७:४५

काल रात्री मीही बसले होते. मी १७३ पर्यंत आलेय. कुणाला सांगू नका.

•

तिरकस
बुधवार, सकाळी ७:४७

काकू!!!

•

मिसळ_कमी_तिखट
बुधवार, दुपारी १:३०

आमच्या चिरंजीवांना हा धागा वाचून दाखवला. तो म्हणतो, मी सम गावात राहायला जातो, तिथे बाईंना गुण कापता येणार नाही.

•

जास्वंद
बुधवार, रात्री १०:३५

आत्ता आमच्याकडे आरडाओरडा झाला. ३६७ ने भागत होती. ५५९ चा भाग लावला, बाकी आली ३६६. म्हणजे फक्त एकाने हुकलं! ३६७ × ५६० = २०५५२०. "एकच जास्त असता तर, आई, एकच!" आजोबा झोपेतून उठून बाहेर आले, त्यांना वाटलं मॅच आहे.

काकू, तुम्ही कुठवर आलात? आमच्या अजून १४ उरल्यात.